सोनाळ्याची बाग, उंद्रीची सही

लोक जानेवारीत सुट्टी काढून कोकणात जातात. मी बँकेत गेले. तेही माझ्या नव्हे, मैत्रिणीच्या, आणि नाशिकहून रात्रभर रेल्वेने. ऑफिसात हे सांगितलं तर सगळे हसले. पण या ब्लॉगवरची मंडळी मला ओळखून आहेत. जिथे बघण्यासारखं काही नाही असं लोक सांगतात, तिथे मी हमखास जाते आणि बहुतेक वेळा खूश होऊन परत येते.

सुरुवात वनिताच्या फोनने झाली. "मंजू, मी माह्या वावरात उभी हाओ अन् हा मोबाईल म्हन्ते मी माह्या वावरात नाही."

मी म्हटलं, नेटवर्क नसेल.

"नेटवर्क हाये व. वावरच नाही."

वनिता सोनाळ्याची. सोनाळा म्हणजे बुलढाणा जिल्ह्याचं उत्तरेकडचं टोक, संग्रामपूर तालुका. गावाच्या मागे लगेच सातपुडा उभा. काही वर्षांपूर्वी तिथलं जंगल बघायला गेले असताना माझी परतीची शेवटची बस चुकली होती. स्टँडवर भाजी विकायला बसलेल्या या बाईने मला काहीही न विचारता घरी नेलं, जेवू घातलं, आणि तेव्हापासून आमची मैत्री आहे. नवरा प्रकाश हार्वेस्टरवर ऑपरेटर, हंगामभर बाहेरच्या राज्यांत असतो. शेती वनिताच करते, म्हणून सासऱ्यांनी जाण्याआधी जमीन तिच्याच नावावर केली. तीन एकर, त्यात संत्र्याची बाग. विहीर आटत चालली आहे. गेल्या उन्हाळ्यात तिने टँकरचं पाणी विकत घेऊन झाडं जगवली, आणि या वर्षी विहीर खोल केली नाही तर बाग हातची जाणार हे तिला स्वच्छ दिसत होतं. त्यासाठी तिला बँकेचं कर्ज हवं होतं.

आता गोम अशी. पिकाची नोंद हल्ली शेतकऱ्याने स्वतः करायची असते. शेतात उभं राहून मोबाईलमधल्या ॲपवर गट नंबर टाकायचा आणि पिकाचा फोटो काढायचा. ती नोंद सातबाऱ्यावर चढते, आणि बँक सातबारा बघते. वनिताने आपल्या झाडांमध्ये उभं राहून गट नंबर टाकला, तर ॲप म्हणालं, तुम्ही या गटापासून लांब आहात. आणि खरंच लांब होती. पंचवीसेक वर्षांपूर्वी तिच्या सासऱ्यांनी आणि त्यांच्या चुलतभावाने शेतांची अदलाबदल केली होती. तुझं मी कसतो, माझं तू कस. सगळ्या गावाला हे ठाऊक आहे. फक्त कागदाला कुणी सांगितलं नाही. त्यामुळे वनिताची बाग कागदावर चुलतसासऱ्यांची, आणि नाल्यापलीकडचं त्यांचं हरभऱ्याचं शेत कागदावर वनिताचं.

"मंग आता?" मी तिच्याच भाषेत विचारलं.

"आता पयले बँकेत इचाराचं, मंग उंद्रीले जाऊन काकाजीची सही आनाची. येतं का?"

मी लगेच हो म्हणाले. बुलढाणा जिल्हा उत्तरेच्या टोकापासून आत खोलवर बघायची अशी संधी पुन्हा कधी मिळाली असती?

ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी: नांदुरा स्टेशन सगळ्यात सोयीचं, पण सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत, तेव्हा थांबणारी बघूनच तिकीट काढा. नाहीतर शेगावला उतरा. नांदुऱ्याहून जळगाव जामोदला एसटी मिळते, बायकांना अर्धं तिकीट. हे जळगाव खानदेशातलं नव्हे, हे मी ऑफिसात चारदा सांगूनही लोकांनी भरताची वांगी आण म्हणून सांगितलंच. रस्ता सरळ आणि सपाट आहे, दोन्ही बाजूंना काळी जमीन, हरभरा, मध्येच कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या. खिडकीतून येणारा वारा एवढा गार होता की मी ओढणी डोक्याला गुंडाळून बसले.

वनिता स्टँडवर उभी होती. आधी आलुबोंडे आणि तळलेल्या मिरच्या खाल्ल्या (दोघींचे, चहासकट, शंभराच्या आत), मग बँकेत गेलो. तिचं गाव ज्या शाखेकडे आहे ती शाखा इथे. हेही लक्षात ठेवा, शेतीकर्जासाठी गावं शाखांना वाटून दिलेली असतात. मनाला येईल त्या बँकेत जाऊन चालत नाही.

बँकेतला कृषी अधिकारी तेलंगणचा, तिशीच्या आतला. मराठी शिकतोय आणि न लाजता बोलतो. मी भांडायच्या तयारीने गेले होते, पण भांडायला जागाच नव्हती. हा माणूस आधीच सोनाळ्याला जाऊन बाग बघून आला होता.

"ताई, झाडं खूप छान आहे," तो वनिताला म्हणाला. "विहीर पण पाहिला. पण जमीन तुमचा नाही. मी दुसऱ्याचा जमीन गहाण कसा ठेवू?"

"साहेब, तिकडची माही हाये न कागदावर. ते ठेवा."

"तिकडे विहीर नाही, झाड नाही. विहिरीचं कर्ज विहीर नसलेल्या जमिनीवर?" त्याने हात जोडले. मग त्यानेच सांगितलं की अशाच अडकलेल्या लोकांसाठी शासनाची सलोखा योजना आहे. बारा वर्षांहून जास्त काळ एकमेकांची जमीन कसत असाल, तर दोघांच्या संमतीने अदलाबदलीचा दस्त होतो. मुद्रांक आणि नोंदणी मिळून खर्च अगदी नाममात्र. "पण दोघं पाहिजे," तो म्हणाला. "एक माणूस नाही बोलला तर संपला."

वनिता दुसऱ्यांदा रिकाम्या हाताने त्या पायऱ्या उतरत होती. चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं, पण पिशवीचा बंद तिने हाताला तीन वेढे देऊन घट्ट धरला होता.

सोनाळ्याच्या बसमध्ये मी तिला विचारलं, बँकेच्याच मागे काऊन लागलीस? दुसरीकडून पैसे नाही मिळत? ती हसली. "भेटतात न. कृषी केंद्रावाला खत-औषध उधार देते, पन मंग भाव तो म्हनन तो. बचत गटाचे पैशे चांगले, कमी व्याजाचे, पन इहिरीले पुरत नाही. अन् ते हप्तेवाले तं घरी येऊन देतात, सातबारा बी मांगत नाही. पन दर आठवड्याले दारात उभे. संत्रं काय दर आठवड्याले पिकते?" पुढच्या सीटवरच्या दोन बायका वळून बघायला लागल्या आणि मग स्टॉप येईपर्यंत सगळ्यांचीच हप्त्यांची चर्चा झाली. कर्ज या विषयावर इतकं मोकळं बोलणं मी शहरात कधी ऐकलेलं नाही. आम्ही फ्लॅटच्या हप्त्याचा आकडा बहिणीलाही सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत गेलो. सातपुडा इतका जवळ दिसतो की हात लावावा. फळं बरीचशी उतरवून झाली होती, शेंड्याची थोडी राहिली होती, आणि झाडांच्या खालच्या फांद्या वाळायला लागल्या होत्या. मी विहिरीत डोकावले. तळाशी पाणी होतं, पण मोटार बुडेल इतकंच. शेजारचे किसनभाऊ बांधावर आले. वनिताला बँकेने परत पाठवलं हे त्यांना आमच्याआधी कळलेलं होतं.

"तू उगाच दमून राह्यली," ते म्हणाले. "तिकडं हरभऱ्यात जाऊन उभी राह्य, फोटू काढ, हरभऱ्यावर पीक कर्ज उचल. कोन पाह्यते?"

खरं सांगते, मला ही युक्ती पसंत पडली. मी तसं बोललेही. वनिता माझ्यावरच उखडली. "हरभरा काकाजीचा हाये. त्याइच्या पिकावर कर्ज उचलू अन् त्याइच्याच दारात सही मांगाले जाऊ? माहं कर्ज माह्या झाडावर पायजे." मग तिने शेंड्याची संत्री तोडून पिशवी भरली, ती उंद्रीला न्यायला.

काकाजी म्हणजे नामदेवकाका, तिचे चुलतसासरे, अदलाबदल करणाऱ्या दोघांपैकी मागे राहिलेले. बायको गेल्यापासून ते चिखली तालुक्यातल्या उंद्रीला लेकीकडे, रेखाकडे राहतात, आणि सोनाळ्याचं शेत बटईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, कसायला दिलेलं आहे. सोनाळ्याहून वरवट बकाल, शेगाव करत खामगाव, आणि तिथून चिखलीच्या रस्त्याने उंद्री. पूर्ण दिवस धरा. शेगावला कचोरी खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नका, बस थांबते तेवढ्यात होते. खामगाव सोडलं की गाडी घाट चढायला लागते आणि जिल्हा बदलल्यासारखा वाटतो. इथले लोक जिल्ह्याचे दोनच भाग सांगतात, घाटाखालचा आणि घाटावरचा. आपण घाटाखालचे, हे वनिताने मला बसमध्ये अशा आवाजात सांगितलं की जणू मीही आता त्यांच्यातलीच.

उंद्री मोठं गाव आहे. रेखाचं घर बाजाराच्या गल्लीत, खाली जावईबापूंचं फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान. काका वर खाटेवर बसले होते. उंच, ताठ, पांढरी टोपी. वनिताने पदर घेऊन पाया पडल्या पडल्या पिशवी पुढे ठेवली.

"काकाजी, हे तुमच्या सातबाऱ्यावरचे संत्रे."

मला वाटलं, झालं, पहिल्याच वाक्याला बिनसलं. काका म्हणाले, "माह्या सातबाऱ्यावरचे कसे? झाडं तं तुह्ये."

"झाडं माहे, मेहनत माही, कागद तुमचा. तेच सांगाले आली." आणि तिने सगळं सांगितलं. विहीर, बँक, ॲप, दस्त. काही लपवलं नाही, काही रडून सांगितलं नाही.

काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "म्हंजे माह्या तोंडचा शब्द आता चालत नाही. तुह्या सासऱ्याच्या हातावर हात ठेवून म्या शब्द देल्ला होता. त्यानं मरेपर्यंत कागद मांगला नाही. तू मांगते."

"त्याइनं बँकेत कर्ज बी कधी मांगलं नाही, काकाजी."

जावईबापू दारात उभे होते. ते हळूच म्हणाले, "मामा, घाई करू नका. ती बाग आता डांबरी रोडला लागून आहे. कागदावर तुमची आहे."

वनिताने त्यांच्याकडे शांतपणे बघितलं. "जावाईबापू, तेच तं. काकाजी हायेत तवरोक मले काही भेव नाही. त्याइच्या मागं तुमच्यावर भरोसा ठेवू का?"

आत रेखा फिसकन हसली. जावईबापूंचे कान लाल झाले आणि ते गिऱ्हाईक आलंय म्हणून खाली गेले, गिऱ्हाईक आलेलं नसताना. रेखा हात पुसत बाहेर आली. ती बापासारखीच ताठ. "वहिनी, अदलाबदलीत इहीर तुह्याकडं आली, आमच्या वावराले पानी नाही. माह्या बापानं सही देल्ली तं पानी देशीन?"

"इहीर खोल झाली का देईन."

"लेहून?"

"त्याच दस्तात लेहून."

मला हे अगदी रास्त वाटलं, पण काका भडकले. "म्या शब्द इकत नाही," ते म्हणाले आणि काठी घेऊन जिना उतरून गेले. वनिता तिथेच जमिनीवर बसून राहिली. मी म्हटलं, आता काय करायचं? ती म्हणाली, "काही नाही. सही घेतल्याबिगर मी काही या घरातून उठत नाही." तिने रेखाच्या हातातली परात घेतली आणि कणीक मळायला लागली. रात्रीच्या जेवणात पातोडीची भाजी होती, बेसनाच्या वड्यांचा तिखटजाळ रस्सा. काका आले, जेवले आणि खाटेवर पाठ फिरवून झोपले. मला त्या माणसाचा राग येत होता आणि त्याची बाजू कळतही होती.

सकाळी आम्ही चहा पीत होतो तर काका टोपी घालून, हातात पिशवी घेऊन उभे.

"वनिता, बँकेनं तुले परत धाडली?"

"हाव, काकाजी."

"किती खेपा?"

"दोन खेपा."

काका मान हलवत राहिले. मग म्हणाले, "म्या शब्द देल्ला होता का हे वावर तुमचं. बँक म्हन्ते, तुमचं नाही. म्हंजे माहा शब्द खोटा पडून राह्यला. चाल, तो खरा करू." आणि रेखाकडे वळून, "पान्याचं काय ते तुमी बाया पाहून घ्या. मले सांगू नका." वनिताने तोंड फिरवून डोळे पुसले. मी जिन्यात जाऊन उगाचच बूट घालत बसले.

परतीच्या प्रवासात रेखाही आमच्याबरोबर आली, पाणी लिहून घ्यायला. बसमध्ये काका खिडकीशी बसले होते आणि घाट उतरून आपली काळी सपाट जमीन दिसायला लागली तसे पहिल्यांदा माझ्याशी बोलले. नाशिकला द्राक्षाला काय भाव, एवढंच विचारलं. मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तलाठी बागेत आले. त्यांचं पद आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, पण गावात तलाठीच म्हणतात आणि तेही ओ देतात. अदलाबदल खरंच जुनी आहे का, याचा पंचनामा शेजाऱ्यांच्या साक्षीने करायचा होता. किसनभाऊ आणि आणखी एक म्हातारे शेजारी हजर होते.

"कोणत्या वर्षी झाली अदलाबदल?" तलाठ्यांनी विचारलं.

"रोडगे झाले त्या वर्षी," किसनभाऊ म्हणाले. अशी काही मोठी गोष्ट ठरली की इथे शेतात गोवऱ्यांच्या विस्तवावर रोडगे भाजतात, कणकेचे जाड गोळे, आणि वांग्याच्या भाजीबरोबर लोकांना जेवू घालतात. जो जेवला तो साक्षीदार. किसनभाऊंना भाजीत तिखट जास्त पडलं होतं हे आठवत होतं, कोण कुणाशेजारी बसलं होतं तेही आठवत होतं. साल मात्र आठवत नव्हतं. दुसऱ्या शेजाऱ्यांनी त्यावर आपल्या बैलाच्या आजाराची हकिगत सुरू केली. तलाठ्यांनी पेन खाली ठेवलं.

शेवटी रेखा म्हणाली, "आई सांगे, रोडग्याच्या धुरानं तिले मळमळलं अन् घरी न्या लागलं. मी पोटात होती." तलाठ्यांनी रेखाकडे बघितलं, तिचं वय विचारलं, आणि लिहायला लागले. दोन्ही शेजाऱ्यांनी सह्या केल्या.

मग विहीर आणि हद्द बघायला सगळे आत निघाले. काका बांधावरच थांबले. मला वाटलं गुडघे दुखत असतील, म्हणून मी हात पुढे केला. ते म्हणाले, "नाही बाई. दस्त झाल्यावर. हे माह्या बापाचं वावर. शब्द देल्ला तवापासून म्या इथं पाय ठेवला नाही. लोकाइले वाटलं असतं, नामदेवचा जीव अजून इथंच हाये." एवढं बोलून ते बांधावर बसले आणि आम्ही परत येईपर्यंत बसून राहिले.

त्याच संध्याकाळी मी नांदुऱ्याहून गाडी पकडली, सुट्टी संपली होती.

नाशिकला आल्यावर लोकांनी विचारलं, काय बघितलंस? दाखवण्यासारखा एकही फोटो नव्हता. एका बागेचा होता, एका विहिरीच्या तळाचा होता. पण माझ्या मनात या प्रवासाने एक गोष्ट पक्की केली. मी आजवर समजत होते की माणसं कर्ज नाइलाजाने काढतात. वनिताने ते हक्काने मागितलं, आपल्या झाडांवर, आपल्या नावावर, आणि त्यासाठी आडवाटेने मिळणारं सोपं कर्ज नाकारलं. तुमच्यापैकी कुणाच्या घरी अशी तोंडी अदलाबदल असेल, तर दोन्हीकडची माणसं हयात आहेत तोवर कागद करून घ्या. योजनांना मुदत असते, तलाठ्यांकडे आधी चौकशी करा. आणि ज्याच्याकडे सही मागायला जाल, त्याच्याकडे घाईत जाऊ नका; मुक्कामाच्या तयारीने जा.

परवा वनिताचा फोन आला. दस्त झाला, नव्या सातबाऱ्यावर नाव लागलं, ती तिच्याच शेतात उभी आहे हे ॲपने मान्य केलं. मागितलं होतं त्याहून थोडं कमी, पण कर्ज मंजूर झालं आहे. विहिरीचं काम सुरू आहे, ठिबक पुढच्या वर्षी. मी विचारलं, हप्त्यांची भीती नाही वाटत? म्हणाली, "वाटते न. पन भेव बी माह्या नावावरचंच हाये."

मग मी काकांचं विचारलं.

"दस्त झाला त्या दिवशी संग्रामपूरहून सरळ वावरात आले. घरी बी नाही गेले. सगळ्या बांधानं फिरले, एकेका झाडाले हात लावला. मंग इहिरीपाशी बसून मले म्हन्तात, 'वनिता, तुह्या वावरात जरा बसू का?'"